उसनं आणलेलं रानफूल

आमच्या घराची रचना अशी, की पुढे चष्म्याचं दुकान, मध्ये आम्ही आणि मागे अंगण. दुकान माझं. काचा मी घासते, फ्रेमा मी बसवते आणि कुणाच्या नाकावर चष्मा वाकडा बसला तर बोलणीही मीच खाते. अंगण मात्र कुणाचंच नव्हतं. आधीच्या मालकाने तिथे खडी आणि फुटक्या फरश्या ओतून ठेवल्या होत्या, आणि सकाळी सातला आलेलं ऊन संध्याकाळी सहापर्यंत तिथून हलायचं नाव घ्यायचं नाही. मी तिथे काय काय लावून पाहिलं ते सांगत बसले तर मलाच लाज वाटेल. पाच-सहा वर्षांत त्या अंगणात एकच गोष्ट टिकली, ती म्हणजे कपडे वाळत घालायची तार.

त्यात माझे सासरे माळी. साधेसुधे नाहीत, शहरातल्या सरकारी बागेत चाळीस वर्षं, त्यातली शेवटची बारा हेडमाळी. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. सासूबाई गेल्या आणि अण्णा आमच्याकडे राहायला आले. पहिल्या दिवशी ते मागच्या दारात उभे राहिले, हात पाठीमागे बांधून सगळं अंगण पाहिलं, "हं" म्हणाले आणि आत गेले. माणसाने काय ते तोंडावर बोलावं, मला राग येतो आणि जातो. पण ते "हं" दोन वर्षं माझ्या डोक्यात बसलं होतं.

म्हणून वाचनालयात ती पुडी दिसली तेव्हा मी झडपच घातली. आमच्या वाचनालयात एक जुनं लाकडी कपाट आहे, लहान लहान कप्प्यांचं. पूर्वी त्यात पुस्तकांची कार्डं असायची. यादी संगणकावर गेली आणि कप्पे रिकामे झाले, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी त्यांत बिया भरल्या. नियम पुस्तकांसारखाच. पुडी न्यायची, लावायची आणि हंगाम संपला की निदान तेवढंच बी परत आणून द्यायचं. एका कप्प्यावर लिहिलं होतं, 'कोरड्या, उन्हाच्या जागेसाठी'. आत एकच पुडी होती.

"ही शेवटची," बाई म्हणाल्या. त्या हळू बोलतात, पण त्यांच्यापुढे खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. "याआधी तिघांनी नेलं. एकांचं पाखरांनी खाल्लं, एक घर बदलून गेले आणि तिसरे माझा फोनच उचलत नाहीत. पूर्वी टेकडीमागे रानात मिळायचं हे. तिथे आता गोदामं झालीत. तुम्ही परत आणून दिलं नाहीत, तर हा कप्पा बंद करावा लागेल मला."

"आणून देते की," मी म्हटलं. माझं हे असंच असतं. तोंडातून आधी शब्द जातो आणि विचार मागून येतो.

पुडीवर एक लांबलचक शास्त्रीय नाव होतं, ते मला आजही धड म्हणता येत नाही. त्याखाली बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: 'वीतभर उंच. निळं फूल. उगवेपर्यंत हलकं शिंपडा. पुढे लाड नकोत.' आम्ही तिला निळी म्हणू लागलो.

अण्णांनी पुडी वाचली आणि नाक मुरडलं. "रान आहे हे. आमच्या बागेत असलं उगवलं तर उपटायला दोन माणसं ठेवली होती."

"इथे ठेवू नका म्हणजे झालं," मी म्हटलं.

थंडी ओसरताना मी खडीत बी फेकलं, आणि बाराव्या दिवशी खरंच हिरवे ठिपके दिसले. तेराव्या दिवशी पाहते तर अण्णा मागच्या दारातून खताची बादली घेऊन निघालेले! मी बादली काढून घेतली. चौदाव्या दिवशी नळाला पाइप जोडलेला. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी दुकानातला जाड कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत यादी लिहून मागच्या दाराला चिकटवली. पाणी नाही. खत नाही. खणायचं नाही. काठ्या-दोऱ्या बांधायच्या नाहीत. मध्ये पाय ठेवायचा नाही.

अण्णांनी चष्मा लावून यादी दोनदा वाचली. पुन्हा "हं" म्हणाले. पण एवढं मात्र कबूल करते, की लेखी हुकूम म्हटला की हा माणूस जिवापाड पाळतो. त्यानंतर त्यांनी थेंबभर पाणी घातलं नाही की चिमूटभर खत टाकलं नाही.

आणि निळी फुलली. एका सकाळी उठले तर खडीवर निळे ठिपके, दुपारपर्यंत आणखी, आठवड्याभरात तर तारेखालचा सगळा पट्टा निळा झाला. पाच पाकळ्यांचं नखाएवढं फूल, मधोमध पिवळा टिपका. उन्हात सगळ्या शहराचा जीव नकोसा झालेला असायचा आणि ही बया आपली मान ताठ करून उभी. मी आनंदाने वेडी व्हायचीच बाकी राहिले होते. गिऱ्हाइकाला नवा चष्मा दिला की वाचायचा तक्ता न दाखवता मी त्याला मागच्या दारात नेऊन उभं करायची. "दिसतंय का स्पष्ट?" लोक म्हणायचे, "अहो, काय सुंदर!" आणि मी म्हणायची, "चष्मा चांगला आहे हो."

बाई म्हणाल्या होत्या, की फुलं तीन आठवडे टिकतात. माझी पाच झाले तरी होती. सात झाले, आठ झाले. एकही फूल सुकलेलं दिसायचं नाही. रोज पाहावं तर सगळी कालच उमललेली. मी वाचनालयात जाऊन शेखी मिरवली, की माझ्या हाताला काही वेगळाच गुण आहे. बाईंनी पुस्तकावर शिक्का मारता मारता हात थांबवला. "आठ आठवडे? मी येऊन बघते."

त्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आल्या. अण्णा खुर्ची टाकून बसले होते, माझा नवरा बसडेपोतून नुकताच येऊन हाताचं ग्रीस धूत होता. बाई वाकल्या, एक रोप पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि म्हणाल्या, "बोंडं कुठायत?"

"कसली बोंडं?"

"फूल गळलं की त्याच जागी बोंड धरतं. त्यात बी. आठ आठवड्यांत एकही नाही?"

मी दुकानात धावले आणि डोळ्याला लावायचं भिंग घेऊन आले. खडीवर गुडघे टेकले. भिंगातून पाहिलं. प्रत्येक रोपावर आखूड आखूड देठ होते आणि प्रत्येक देठाच्या टोकाला काप होता. सुबक, तिरका काप. किड्याने खाल्लं तर असं दिसत नाही, हे कळायला माळी असावं लागत नाही.

मी मान वर करून अण्णांकडे पाहिलं. अण्णा खुशीत होते. "दिसलं ना? पाच वाजता उठून करतो मी. तू उठायच्या आत. एक सुकलेलं फूल ठेवत नाही. म्हणून तर आठ आठवडे चाललंय. झाडाला वाटतं, आपलं काम झालं नाही, की ते पुन्हा फुलतं. मंत्री यायचे आमच्याकडे, पण वाळकं फूल म्हणून कुणी पाहिलं नाही चाळीस वर्षांत."

"अण्णा, अहो, बी कुठून यायचं मग? शेवटची पुडी होती ती!"

अण्णांचा चेहरा हळूहळू उतरला. पण माणूस सरकारी. त्यांनी दाराकडे बोट केलं. "तुझी यादी आहे ती. पाणी नाही, खत नाही, खणणं नाही, दोरी नाही, पाय नाही. कात्री कुठंय त्यात?"

कात्री नव्हती. बाई यादी वाचत होत्या, नवरा टॉवेलने हात पुसत माझ्याकडे बघत होता, आणि चूक माझी आहे हे कळलं की मला जास्तच चेव येतो. मी बोलून गेले, "चाळीस वर्षं दुसरं केलंत काय तुम्ही? फुलं कापलीत नुसती!"

अण्णा उठले. खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि आत गेले. बाई हळूच म्हणाल्या, "अजून कळ्या आहेत. आता हात लावू नका. झाडं दमलीत, ऊन वाढतंय. बघू, काही धरतंय का." आणि त्याही गेल्या. नवरा म्हणाला, "तू अण्णांना असं बोलायला नको होतंस." हे मला त्याने सांगायची गरज नव्हती.

मला माफी मागता येत नाही. लहानपणापासून शब्दच फुटत नाही. मी चहा केला आणि अण्णांच्या खोलीत नेऊन ठेवला. ते खिडकीशी बसले होते. चहाकडे न बघता म्हणाले, "बी कचेरीतून यायचं. दर हंगामाला, पुड्यांतून, वर शिक्का. आम्ही पेरायचं, फुलवायचं, फुलं गेली की उपटून पुढचं लावायचं. वाफा रिकामा एक दिवस ठेवायचा नाही. एवढी लाखो फुलं केली गं मी. बी धरलेलं एकही झाड पाहिलं नाही."

मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसले. कप त्यांच्याकडे सरकवला. शेवटी म्हटलं, "चहा निवतोय, अण्णा."

"हं," ते म्हणाले. पण हे "हं" वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली कात्री दुकानात आणून माझ्या टेबलावर ठेवली. "कुलुपात ठेव."

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात जे चाललं, ते पाहून कुणालाही वाटलं असतं, की म्हाताऱ्याचं व्यसन सोडवतायत. पहिली पाकळी सुकली आणि अण्णा अस्वस्थ झाले. दहा फुलं सुकली तेव्हा त्यांनी खुर्ची फिरवून अंगणाकडे पाठ केली. बोटं मात्र ऐकेनात. जेवताना ते माझ्या नवऱ्याच्या सदऱ्यावरचे निघालेले दोरे खुडायचे. एकदा तर शेजारीण चिडून आली, की तुमच्या अण्णांनी जाता जाता माझ्या कुंडीतली फुलं तोडली. मी तिला म्हटलं, "सुकलेलीच तोडली ना? उपकार माना." तिने मानले नाहीत.

"किती घाण दिसतंय," अण्णा रोज म्हणायचे. खरंच दिसत होतं. निळ्या पट्ट्याची रया गेली, पानं खालून पिवळी पडली, देठ काटकुळे झाले. आणि मग एका भर दुपारी सगळ्या रोपांनी एकदम माना टाकल्या. माझा धीर सुटला. इतके दिवस जिने सगळ्यांना पाण्यापासून लांब ठेवलं, तीच मी बादली भरून निघाले. दारात अण्णांनी माझं मनगट धरलं.

"यादीत लिहिलंय, पाणी नाही," ते म्हणाले.

"मरतायत ती, अण्णा!"

"मरू दे. वरती बघ, टोकाला."

टोकाला बोंड होतं. मुगाच्या दाण्याएवढं, हिरवं, फुगलेलं. पलीकडे आणखी एक. अण्णांनी ते आधीच पाहिलं होतं. अंगणाकडे पाठ करून बसणारा माणूस रोज पहाटे पाचला ते जाऊन बघत होता, हात मागे बांधून. मी बादली मोरीत ओतली.

बोंडं पिकत आली आणि नवाच घोटाळा झाला. दुपारच्या उन्हात टिक असा आवाज आला, आणि एक बोंड रिकामं! फुटून बी उडालं होतं. मी भिंग लावून अर्धा तास खडी चाळली, पण खड्यांत ते बी म्हणजे धुळीचा कण. काही सापडलं नाही. अण्णा म्हणाले, "पिशवी बांधायला हवी. मऊ, लहान." आम्ही दोघांनी एकाच वेळी दुकानाकडे पाहिलं.

चष्म्यासोबत द्यायच्या थैल्या असतात ना, मऊ कापडाच्या, नाडी ओढायच्या? त्या. आम्ही एकेका देठाला एकेक थैली बांधली. नाडी बांधायचं काम अण्णांचं, कारण नाजूक देठ न मोडता बांधायची सवय त्यांच्या हाताला होती. संध्याकाळपर्यंत खडीवर तेवीस करड्या थैल्या माना घालून उभ्या राहिल्या. दुकानात गिऱ्हाईक थैली मागायचं, तर मी सांगायची, संपल्यात. त्याला मागच्या दारातून तेवीस दिसायच्या. नवरा म्हणाला, "ह्या झाडांची नजर अधू झालीय का?" आणि त्या दिवशी अण्णा महिन्याभरात पहिल्यांदा मोठ्याने हसले.

आठ-दहा दिवसांत झाडं पार वाळून गेली. मग एका रविवारी दुकान बंद ठेवून आम्ही टेबलावर पांढरा कागद पसरला आणि थैल्या एकेक करून झटकल्या. बऱ्याच बोंडांत नुसता कोंडा होता. दमलेल्या झाडांनी आणखी काय द्यावं? पण काहींतून काळे, चकचकीत दाणे पडले. अण्णांना दिसेनात. मी भिंग त्यांच्या डोळ्याला लावलं आणि कागद पुढे सरकवला.

ते कागदावर वाकले. मग म्हणाले, "एवढंच असतं?"

"एवढंच."

"आणि ह्याच्यात ते सगळं." त्यांनी भिंग खाली ठेवलंच नाही. एक दाणा पाहून झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. डोळ्यातून पाणी वाहून भिंगावर आलं, तेव्हा मी ते पुसून दिलं आणि पुन्हा त्यांच्या हातात ठेवलं. भिंगं पुसणं हे माझं कामच आहे.

सगळे दाणे गोळा करून पुडीत भरले, तर पुडी जेमतेम भरली. जेवढं आणलं तेवढंच. मी विचार केला, पाच-दहा दाणे काढून ठेवले तर बाईंना काय कळणार आहे? कागदाच्या कोपऱ्यात चिमूटभर बी मी हळूच बाजूला सारलं. अण्णांनी बोटाच्या टोकाने ते पुन्हा मधल्या ढिगात ढकललं.

"अण्णा, आपल्याला काहीच उरत नाही मग. अंगण पुन्हा उघडं."

"राहू दे. उसनं आहे ते."

आम्ही दोघं वाचनालयात गेलो. अण्णांनी धुतलेला सदरा घातला होता. बाईंनी पुडी उघडली, उजेडात धरली, एक दाणा नखावर घेऊन पाहिला आणि पहिल्यांदाच मला हसताना दिसल्या. "कप्पा उघडा राहिला बघा," त्या म्हणाल्या. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. पुडी अजून टेबलावरच होती, कप्प्यात गेलीही नव्हती, तेवढ्यात मागे उभा असलेला एक बसचालक पुढे आला. गणवेशातच होता, बहुधा पाळी संपवून आलेला.

"ते कोरड्या जागेचं बी म्हणतात ते हेच का? आमची गच्ची आहे, दिवसभर नुसतं ऊन. काही म्हणता काही जगत नाही."

माझ्या जिभेवर आलंच होतं, की अहो, एक वर्ष तरी कप्प्यात राहू द्या! शेवटचं आहे! एवढ्या मरमरीनंतर ते पुन्हा एका अनोळखी माणसाच्या गच्चीवर? बाईंनीही पुडीवर हात ठेवला आणि आमच्याकडे पाहिलं.

अण्णांनी पुडी उचलली आणि बसचालकाला विचारायला लागले. गच्चीवर ऊन किती वाजता येतं? खडी आहे का माती? घरात खत घालायची हौस कुणाला आहे? फुलं तोडायची सवय? सुकलेलीसुद्धा तोडायची नाहीत, हं. तो बिचारा लायसन्सच्या परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत होता. सगळं विचारून झाल्यावर अण्णांनी पुडी त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "पत्ता लिहून द्या. मी येत जाईन बघायला. रोज नाही, एक दिवसाआड."

"अहो, तुम्हाला कशाला एवढा त्रास?"

"त्रास कसला?" अण्णा म्हणाले. "आमचं अंगण यंदा रिकामं आहे."

चाळीस वर्षांत एक वाफा एक दिवस रिकामा न ठेवलेला माणूस हे इतक्या ऐटीत म्हणाला, की मी तिथेच, बाईंच्या टेबलापुढे उभी राहून रडले. बाईंनी मला त्यांचा रुमाल दिला. तोवर अण्णा त्या बसचालकाबरोबर गच्ची बघायला निघूनही गेले होते.